बहिणीचें दुखणें व भावाचें काम

(वाचावयाचा भाग : गणना, अध्याय १२)

ह्या अध्यायांत एका बहिणीच्या दुखण्याची हकीकत आहे. मिर्याम ही मोशेची वडील बहीण. मोशे तान्हा असतां त्याची पेटी नदीकांठच्या लव्हाळ्यांत ठेविली, तेव्हां पुढें काय होतें हें पाहत दूर उभी राहिलेली बहीण ती हीच, असें बहुतेक समजतात. पुढें अरण्यांतील प्रवासांत तिच्या अंगास कोड फुटलें. आमच्या मंडळ्यांत हा अध्याय वाचला जातो तो बहुधा तिच्या अपराधाविषयीं बोलण्याकरितां. तोच अध्याय आजाऱ्याच्या खाटेजवळ वाचला म्हणजे काय होतें, हें आम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्हणून ह्या पाठांत आम्ही त्यांतील दुसऱ्याच दोन गोष्टींकडे वाचकांचें लक्ष वेधितों. पहिली ही कीं, भावानें बहिणीकरितां केलेली प्रार्थना मूळ इब्री भाषेंत अवघ्या पांच शब्दांची आहे, व तींत कारण विचारलेलें नाहीं. दुसरी ही कीं, मिर्याम सात दिवस छावणीबाहेर होती तोंपर्यंत लोकांनीं कूच केलें नाहीं. निघण्याचा दिवस टळला, तरी ते थांबले.

ही दुसरी गोष्ट समजण्यास आम्हांस जवळजवळ एक वर्ष लागलें. तें कसें, तें सांगतों.

आमची धाकटी बहीण जालना जिल्ह्यांतील एका खेड्यांत दिलेली आहे. घर शेतकऱ्याचें, मुली दोन, सासू वृद्ध. सन २०२१ च्या पावसाळ्यानंतर तिच्या डाव्या स्तनांत सुपारीएवढी गांठ हातास लागली. ती दुखत नव्हती, म्हणून तिनें कोणास सांगितलें नाहीं. न दुखणाऱ्या गांठीकडेहि दुर्लक्ष करूं नये, हें तिला कोणीं शिकविलें नव्हतें. पांच महिन्यांनीं वरची कातडी आंत ओढल्यासारखी दिसूं लागली, तेव्हां तिनें आमच्या कुटुंबास, म्हणजे आपल्या भावजयीस, कोठडीचें दार लावून दाखविलें. आम्हांस तें दुसऱ्या दिवशीं समजलें.

तपासणीच्या वेळींच पहिली अडचण आली. सुईनें गांठीचा तुकडा काढावयाचा होता, आणि घरच्या वडील माणसांचें म्हणणें पडलें कीं, गांठीस सुई लागली म्हणजे रोग सर्व अंगांत पसरतो. हा समज आमच्या भागांत फार पक्का आहे. तो खरा नाहीं. तुकडा तपासल्यावांचून ती गांठ कर्करोगाची आहे कीं नाहीं हें ठरत नाहीं, आणि ती कोणत्या जातीची आहे व तिजवर कोणतें औषध लागू पडेल हेंहि कळत नाहीं. कारण स्तनाच्या कर्करोगाचेहि अनेक प्रकार आहेत. सुईला भिऊन जे थांबतात त्यांचा रोग वाढतो, व मग तो सुईनें वाढला असें लोक म्हणतात. आम्हीं ह्या वादांत तीन आठवडे घालविले. ते घालवावयास नको होते.

कर्करोग म्हटला म्हणजे आमच्या लोकांच्या तोंडीं मुंबईचेंच नांव येतें. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, तेव्हांपासून खेड्यापाड्यांतील माणसें मुंबईची वाट धरीत आलीं आहेत. आतां बार्शी, छत्रपति संभाजीनगर, नागपूर येथेंहि ह्या रोगावर उपचार होतात, आणि प्रथम जवळच्या ठिकाणीं विचारावें असें आमचें मत बनलें आहे. परंतु त्या वेळीं आम्हीहि मुंबईसच गेलों. तेथील डॉक्टरांनीं क्रम सांगितला तो असा. प्रथम शिरेंतून द्यावयाच्या औषधाचे, ज्यास सर्व लोक किमो म्हणतात त्याचे, चार डोस, तीन तीन आठवड्यांच्या अंतरानें. मग दुसऱ्या औषधाचे बारा डोस, दर आठवड्यास एक. मग शस्त्रक्रिया. मग किरणांचा उपचार, ज्यास आमच्याकडे शेक म्हणतात, तो पंधरा दिवस.

आम्ही शाळेंत शिकविलेले गृहस्थ. आम्हीं लागलीच वही काढिली, तारखा मांडिल्या, आणि सर्व उपचार नाताळापूर्वीं संपतात असा हिशेब काढिला. इतक्यावर थांबतों तर ठीक होतें. आम्हीं तो हिशेब बहिणीस सांगितला, तिच्या मुलींस सांगितला, आणि रविवारीं उपासना संपल्यावर मंडळींतहि सांगितला. "नाताळास बाई घरीं असतील," असें जो तो म्हणूं लागला. आजाऱ्यास धीर देण्याची ही रीत आम्हांस त्या वेळीं फार उत्तम वाटली.

पहिला डोस २५ एप्रिल २०२२ रोजीं झाला. त्यांतील एक औषध तांबडें असतें, व त्यानंतर एक दोन दिवस लघवी तांबूस होते. परिचारिकेनें हें आधींच सांगितलें होतें, म्हणून कोणी घाबरलें नाहीं. सुमारें अठरा दिवसांनीं केस गळूं लागले. आमच्या मनांत आलें कीं, बहिणीस संकोच वाटूं नये म्हणून आपणहि डोकें करावें. कुटुंबानें आम्हांस अडविलें. "गांवांत पुरुषानें डोकें केलें म्हणजे लोक विचारतात कोण गेलें," असें ती म्हणाली, आणि तें अगदीं खरें होतें. बहिणीनें धाकट्या मुलीकडून आपले उरलेले केस कात्रीनें कापवून घेतले व डोक्यास सुती रुमाल बांधिला. तिला आमच्या डोक्याची गरज नव्हती.

दुसरा डोस १६ मे रोजीं झाला आणि ती गांवीं परतली. दहाव्या दिवशीं, २६ तारखेस, संध्याकाळीं तिचें अंग तापलें. आम्ही त्या दिवशीं तिच्याच घरीं होतों. थर्मामीटर लाविला तों १०१ अंश. उन्हाळा कडक होता. ती म्हणाली, "दादा, ऊन लागलें असेल. दुपारभर चुलीपुढें होतें." आम्हांसहि तें पटलें. आम्हीं तिला तापाची साधी गोळी दिली, कांद्याचा रस तळपायांस चोळविला, आणि तासाभरानें ताप उतरला तेव्हां समाधानानें अंगणांत खाट टाकून निजलों. रात्रीं दोन वाजतां मोठ्या भाचीनें आम्हांस उठविलें. बहिणीस हुडहुडी भरली होती, दांत वाजत होते, आणि ती बोलत होती तें नीट समजत नव्हतें.

येथें थोडें थांबून, काय घडलें होतें तें समजून घेतलें पाहिजे. कारण उपदेशक बंधूंनीं सर्व पाठांतून हाच भाग तोंडपाठ करावा अशी आमची इच्छा आहे. किमोचें औषध वेगानें वाढणाऱ्या पेशींस मारितें. कर्करोगाच्या पेशी वेगानें वाढतात म्हणून त्या मरतात. परंतु केसांचीं मुळें, तोंडाच्या आंतील नाजूक कातडी, आणि हाडांच्या पोकळींत जेथें रक्त तयार होतें तो मगज, ह्यांतील पेशीहि वेगानें वाढणाऱ्याच आहेत. म्हणून केस गळतात, तोंड येतें, आणि रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी होतात. ह्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची चौकी होय. डोस दिल्यापासून साधारणपणें सातव्या ते चौदाव्या दिवसांत त्या सर्वांत कमी असतात, व पुढच्या आठवड्यांत पुन्हां भरतात. दोन डोसांत तीन आठवडे ठेवितात ते ह्याकरितां. ह्या मधल्या दिवसांत चौकीवर कोणी नसतें. अशा वेळीं एरव्हीं किरकोळ ठरणारा जंतुसंसर्ग कांहीं तासांत प्राणावर येऊं शकतो. आणि पुष्कळदां ताप हीच त्याची एकुलती एक खूण असते. गळूं नाहीं, खोकला नाहीं, सूज नाहीं. कारण सूज व पू उत्पन्न करणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात.

म्हणून नियम असा आहे. किमो चालू असलेल्या माणसास १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस, किंवा अधिक ताप एकदां जरी आला, तरी वाट पाहूं नये. दिवस असो वा रात्र असो, जेथें सलाईन व इंजेक्शन देतात अशा रुग्णालयांत तत्काळ न्यावें, आणि दारांतच "किमो चालू आहे, अमुक तारखेस डोस झाला" असें सांगावें, म्हणजे रांगेंत बसवीत नाहींत. डॉक्टरांस विचारल्यावांचून तापाची गोळी देऊं नये. गोळीनें ताप लपतो, रोग लपत नाहीं. आम्हीं तेंच केलें होतें. परिचारिकेनें पहिल्या दिवशीं दिलेला छापील कागद, ज्यावर हा नियम ठळक अक्षरांत होता, तो आम्हीं पिशवींत इतका जपून ठेविला होता कीं तो कोणीं वाचलाच नव्हता.

शेजाऱ्याची जीप होती. चाळीस किलोमीटर अंतर आम्हीं तासाभरांत काटलें. रक्त तपासलें तेव्हां ज्या पांढऱ्या पेशी जंतूंशीं लढतात त्या एका घनमिलिमीटरांत २०० भरल्या. निरोगी माणसांत त्या पंधराशेंहून अधिक असतात, व पांचशेंच्या खालीं गेल्या म्हणजे मोठा धोका समजतात. सात दिवस शिरेंतून औषधें चाललीं. ती वांचली. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरनें आम्हांस एकच प्रश्न विचारला, "ताप कितीला पाहिला होता?" आम्हीं सांगितलें, "संध्याकाळीं पांचला." तो कांहीं बोलला नाहीं. त्याच्या न बोलण्याचा आम्हांस अजून विसर पडत नाहीं.

तिसरा डोस ६ जूनचा होता, तो १३ जूनवर गेला. त्यानंतर प्रत्येक डोसामागून पांढऱ्या पेशी वाढविणारें इंजेक्शन पोटास टोंचावें लागे, आणि त्यानें तिचीं हाडें ठणकत. आमच्या वहींतील सर्व तारखा पुढें सरकल्या. वाचकहो, एका आठवड्याच्या विलंबानें उपचार वायां जात नाहींत; पेशी भरल्यावांचून औषध देणें हेंच अधिक धोक्याचें. परंतु आम्हीं गांवभर तारीख सांगून ठेविली होती. आतां जो येई तो विचारी, "डोस कां चुकला?" आणि ह्या प्रश्नांत, विचारणाऱ्याच्या मनांत नसलें तरी, दोषाचा वास होता. जणूं तिनेंच कांहीं चुकविलें.

ह्याच दिवसांत तो बारावा अध्याय वाचला गेला. ती रुग्णालयांतून घरीं आली तेव्हां प्रेमानें वीस पंचवीस माणसें जमलीं. लहान खोलींत दाटी झाली. दोघांस पडसें होतें. एका वडील गृहस्थांनीं, ज्यांच्या हेतूविषयीं आम्हांस संशय नाहीं, गणना पुस्तक उघडून वाचिलें, व म्हणाले, "बाई, मनांत कांहीं राहिलें असेल तर मोकळें कर." मंडळी गेल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून होती. मग तिनें विचारलें, "दादा, मीं काय केलें?"

आम्हांस त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. आज देतों. आपल्या शरीरांत रोज असंख्य पेशी जुन्या होतात व नव्या घडतात. त्या घडतांना नकलेंत चूक होते. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करितें, कांहीं राहून जातात, आणि अशा कांहीं चुका एकाच पेशींत सांचल्या म्हणजे ती आंवर न राहतां वाढूं लागते. वय वाढतें तशी ही भीति वाढते. तंबाखू व गुटखा ह्यांनीं तोंडाचा कर्करोग होतो हें पक्कें ठाऊक आहे, व तरुणांस तें वेळेवर सांगणें आपलें काम आहे. परंतु ज्यास तो झाला त्याच्या उशाशीं बसून तें सांगण्यांत अर्थ नाहीं. स्तनाचा कर्करोग ज्या बाईस होतो तिच्या वागणुकींत त्याचें कारण शोधणें हें तर अज्ञान होय. मोशेनें बहिणीच्या दोषाविषयीं एक शब्द काढिला नाहीं, आणि तो दोष तर त्याच्याच विरुद्ध होता.

भेटीस जाणाऱ्यांस ह्यावरून एक दोन गोष्टी सुचवितों. ह्या दिवसांत एका वेळीं एक दोन माणसांनींच जावें, हात साबणानें धुवावे, आणि पडसें खोकला असेल त्यानें दारांतूनच हांक मारून परतावें. प्रार्थना उंबऱ्याबाहेर केली तरी चालते. उघड्यावरचा उसाचा रस किंवा कापलेलीं फळें नेऊं नयेत. घरचा ताजा वरणभात, शिजविलेलीं अंडीं न्यावीं. मुळ्या, भस्में, काढे हे डॉक्टरांस दाखविल्यावांचून देऊं नयेत.

जुलैच्या अखेरीपासून दर आठवड्याचा डोस सुरू झाला, म्हणून आम्ही मुंबईंतच राहिलों. दादर येथें संत गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा आहे, व तेथें कर्करोगाचे पुष्कळ आजारी आपल्या माणसांसह उतरतात. आमचें तेथें बरेंच शिक्षण झालें. बिहारांतील एक बाई आपल्या भावास घेऊन आली होती. त्याच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली होती, जखम उकलली म्हणून दुसऱ्यांदा करावी लागली होती, आणि त्यास बोलतां येत नव्हतें. तिला अक्षर येत नव्हतें, तरी तिनें कागदावर रेघा मारून भावाचा ताप, जेवण व औषध ह्यांचा हिशेब ठेविला होता. कधीं परतणार, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "आजचा ताप पाहिला. उद्याचा उद्यां पाहीन." आमच्या वहींत सहा महिन्यांच्या तारखा होत्या, ताप किती, हें एकाहि पानावर नव्हतें. त्या रात्रीं आम्हीं नवी वही घातली.

ती वही कोणाच्या हातीं असावी ह्यावरूनहि एक धडा मिळाला. रुग्णालयांत आम्हीच पुढें होत होतों. कागद आमच्या हातीं, डॉक्टरांशीं बोलणें आमचें, आणि आमचे मेहुणे, जे फारसे शिकलेले नाहींत, ते बाहेर बाकावर. एके दिवशीं ते गांवीं निघून गेले. आम्हांस राग आला, परंतु बहिणीनेंच सांगितलें, "दादा, त्यांना तूं बसायला जागाच ठेविली नाहींस." भावाचें प्रेम कितीहि असो, तिच्या संसाराचा धनी दुसरा आहे, हें आम्ही विसरलों होतों. आम्हीं फोन करून त्यांची क्षमा मागितली. पुढें ताप पाहणें व वही लिहिणें हें त्यांनीं केलें, आणि आमच्यापेक्षां चोख केलें. भावंडाची जागा निराळी आहे. नवऱ्यास पैशाची चिंता, मुलींस आईची भीति, सासूस लोकलाजेची. भावाजवळ मात्र बहीण लहानपणच्या गोष्टी काढूं शकते, कुरकुर करूं शकते, शिवीहि देऊं शकते. ही जागा भावानें संभाळावी.

सप्टेंबरांत तिचीं बोटें बधिर होऊं लागलीं. भरलेला तांब्या हातांतून सुटे, चप्पल पायांतून निघून गेलेली कळत नसे. हा त्या दुसऱ्या औषधाचा ठाऊक असलेला परिणाम आहे. तो डॉक्टरांपासून लपवूं नये. पूर्ण डोस व्हावे म्हणून तिनें तीन आठवडे लपविला होता. डॉक्टरांनीं दहा डोसांवर औषध थांबविलें. बारांपैकीं दहा झाले म्हणून तिला आपण हरलों असें वाटलें. आम्हांसहि वाटलें, परंतु ह्या वेळीं आम्हीं तें कोणास सांगितलें नाहीं.

शस्त्रक्रिया नोव्हेंबरांत झाली. काढलेल्या भागाचा अहवाल येण्यास दोन आठवडे लागले. औषधानें रोग सर्व गेला असेल अशी आशा होती. अहवालांत लिहिलें होतें कीं, काखेंतील चौदा गांठींपैकीं तीन गांठींत रोग अजून शिल्लक होता. कागद आम्हीं खिडकीवर घेतला, जिन्यांत उभें राहून वाचिला, आणि खिशांत घातला. बहिणीस सांगितलें कीं, अहवाल यावयाचा आहे. दोन दिवस आम्हीं हें खोटें चालविलें. तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "माझ्या अंगांतलें मला आधीं कळूं दे. तुझें तोंड पाहून मी दोन रात्री निजलें नाहीं." कागद तिच्या हातीं दिला. ती रडली, मग तिनें विचारलें, "आतां काय करतात?" त्याचें उत्तर होतें: शेक ठरल्याप्रमाणें द्यावयाचा, व पुढें रोज एक संप्रेरकविरोधी गोळी निदान पांच वर्षें घ्यावयाची. तिला उत्तर हवें होतें. आम्ही प्रश्नच दडवून बसलों होतों. आजाऱ्यापासून वाईट बातमी लपविणें ह्यास आमच्या घरांत माया म्हणतात. आमच्या मतें तो बहुतांशीं आपल्याच भित्रेपणाचा बंदोबस्त असतो.

पैशाविषयीं थोडक्यांत लिहितों. आमच्या राज्यांत सन २०१२ मध्यें सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नांवानें चालणारी जनआरोग्य योजना आहे. तींत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमो व शेक ह्यांचा समावेश होतो. योजनेंतील रुग्णालयांत आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो. शिधापत्रिका व आधार घेऊन जमीन गहाण टाकण्यापूर्वीं त्यास भेटावें, मागून नव्हे. उपचाराकरितां जाणाऱ्या आजाऱ्यास व सोबत्यास रेल्वेच्या भाड्यांत मोठी सवलत मिळते, त्यास रुग्णालयाचा दाखला लागतो. ह्या सर्वांतून सुटतो तो खर्च जेवणाचा, राहण्याचा, व बुडालेल्या मजुरीचा. मंडळीचें दान तेथें लावावें. आमच्या मंडळीनें बहिणीची कपाशी वेंचून दिली, तें आम्हांस कोणत्याहि वर्गणीपेक्षां मोठें वाटलें.

आणखी एक गोष्ट भावंडांनीं आपल्याकरितां लक्षांत ठेवावी. स्तनाच्या कर्करोगांपैकीं थोडेच, शंभरांत सुमारें पांच ते दहा, आईबापांकडून आलेल्या दोषामुळें होतात. परंतु एखाद्या बहिणीस तसा दोष आईकडून किंवा बापाकडून आलेला निघाला, तर तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडांत तो असण्याचा संभव निम्मा असतो; भावांतहि असतो, व भावाकडून त्याच्या मुलींस जाऊं शकतो. म्हणून तरुण वयांत किंवा एकाच घरांत अनेकांस हा रोग झाला असेल तर डॉक्टरांस विचारावें. आमच्या बहिणीची तपासणी झाली. तींत दोष निघाला नाहीं.

शेकाचे पंधरा दिवस १९ डिसेंबरास सुरू झाले. त्या वर्षीं नाताळ रविवारीं होता, व रविवारीं शेक नसतो; म्हणून आम्हीं धर्मशाळेच्या जिन्यावर बसून घरून आलेल्या करंज्या खाल्ल्या. बिहारची ती बाई त्याआधींच गेली होती. भावास घेऊन कीं भावावांचून, हें आम्हांस कळलें नाहीं. आमच्या बहिणीचा शेवटचा शेक ६ जानेवारी २०२३ रोजीं झाला. जुन्या वहींतील तारखेपासून हा दिवस केवळ चौदा दिवस पुढें होता. चौदाच दिवस! आणि त्यांकरितां आम्हीं तिला वर्षभर किती हिशेब द्यावयास लाविले.

ती आतां गोळी घेते व सहा महिन्यांनीं तपासणीस जाते. काखेंतील गांठी काढल्यामुळें डावा हात संध्याकाळीं सुजतो, म्हणून त्यास घट्ट बाही घालावी लागते. त्या हातास कांटा, भाजणें, ओरखडा लागूं द्यावयाचा नसतो, आणि कपाशीच्या बोंडानें तर हात रोज ओरबाडतो. ती हातमोजा घालून वेंचते. पुढें काय होईल हें डॉक्टर सांगत नाहींत, व आम्ही विचारीत नाहीं.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न : आपल्या मंडळींत सध्या कोणाच्या घरीं किमो चालू आहे काय, व त्यांच्या जवळ रात्रीं फोन करावयाचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला आहे काय? रात्रीं उघडें असणारें रुग्णालय आपल्या गांवापासून किती दूर आहे? वाहन कोणाचें, आणि त्याच्या मालकास आधीं सांगून ठेविलें आहे काय? आजाऱ्याच्या सोबत्यास गेल्या महिन्यांत कोणीं एक रात्र निजूं दिलें? आणि तुमच्या घरांत थर्मामीटर आहे काय?